गाणं आमचं, अर्थ सांगणार तुम्ही?
माहितीपटांतल्या भीमगीतांविषयी काही रोखठोक

आंबेडकरी गाण्यांवर माहितीपट निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘अहो, तुमच्या गायकांना दाखवलं ना? मग आता तक्रार कसली?’ हे वाक्य बोलणारे सगळेच काही वाईट हेतूचे नसतात. पण या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे. दाखवणं म्हणजेच न्याय देणं, असं ते गृहीतक. हा लेख त्याच्या विरोधात आहे.

शंभर वर्षांपूर्वी आम्ही दिसतच नव्हतो, हे खरं. आज दिसतो. पण दिसण्याचीही एक रीत असते, आणि ती रीत जातीच्या व्यवस्थेतून सुटलेली नसते. संगीतावरचा माहितीपट तीन गोष्टींनी बोलतो. डोळ्यांना दिसणारं चित्र, पडद्यावर उमटणारी अक्षरं आणि कानावर पडणारा आवाज. या तिघांचं वाटप कोणी केलं, कोणाला किती दिलं, कोणाचा आवाज कोणाच्या आवाजाखाली दाबला, हे बघितलं की तो माहितीपट कोणाच्या बाजूचा आहे ते कळतं. निर्मात्याची मुलाखत वाचायची गरज उरत नाही.

काही जण म्हणतील, गावाकडे पाणी नाही, रोजगार नाही, अत्याचाराच्या केसेस वर्षानुवर्षं तारखांवर चालल्यात, आणि तुम्ही फिल्मच्या गोष्टी काय करताय? त्यांना एकच आठवण करून देतो. मे २०१५. शिर्डी. सागर शेजवळ नावाच्या तरुणाचा खून झाला. वादाचं निमित्त काय, तर मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन. आमच्या देवगाव रंगारीपासून शिर्डी काही परदेशात नाही. ज्या समाजात एका गाण्याच्या आवाजाने माणूस मारला जातो, तिथे आवाज हा करमणुकीचा विषय राहत नाही. तो आवाज कोण रेकॉर्ड करतो, कसा कापतो आणि जगाला त्याचा काय अर्थ सांगतो, हा आमच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

सतरंजी आणि खुर्ची

प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतातल्या समाजशास्त्रांविषयी एक लेख लिहिला. समाजशास्त्रात दोन जाती पडल्यात, असा त्याचा गाभा होता. सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र. एम.ए.ला असताना हा लेख वाचला तेव्हा तो विद्यापीठांविषयी वाटला होता. नंतर एकेक माहितीपट बघत गेलो, तेव्हा लक्षात आलं की ही मांडणी पडद्यावर तर जशीच्या तशी दिसते.

कोणताही ठरावीक माहितीपट आठवा. गायक सतरंजीवर, ओट्यावर, पत्र्याच्या खोलीत बसलेला. त्याच्यामागे भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. तो गातो. मग चित्र बदलतं. एक अभ्यासक खुर्चीत बसलेले. मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट. ते सांगतात, या गाण्याचा सामाजिक अर्थ असा असा आहे. पुन्हा गायक. पुन्हा अभ्यासक. दीड तास संपतो. गाणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, हे कडवं तू इथेच का घातलंस? हा शब्द का निवडलास? ही चाल कव्वालीची का घेतलीस? त्याला काय विचारतात? ‘लहानपणी काय भोगलं?’ म्हणजे अनुभव सतरंजीवर आणि विचार खुर्चीवर.

आता वस्तुस्थिती बघा. आंबेडकरी जलसा जन्मालाच आला तो विचार सांगण्यासाठी. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा ढाचा घेतला आणि त्यातल्या गणपतीच्या नमनापासून गवळणीपर्यंत एकेका जागी नवा मजकूर भरला. हा बदल अपघाताने होत नसतो. जुन्या रूपाचं विश्लेषण केल्याशिवाय, कुठलं ठेवायचं आणि कुठलं फेकायचं हे ठरवल्याशिवाय तो होत नाही. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली, त्यांत जमिनीचा प्रश्न आहे, फुटीर पुढाऱ्यांवर टीका आहे, धम्माची मांडणी आहे. एक जलसा दहा भाषणांचं काम करतो असं बाबासाहेबांच्या नावाने आपण प्रत्येक स्टेजवरून सांगतो. ते नुसतं कौतुक म्हणून सांगायचं आहे का? भाषणात युक्तिवाद असतो, हे मान्य असेल तर गाण्यातही युक्तिवाद असतो हे मान्य करावं लागेल. आणि युक्तिवाद करणारा माणूस विचारवंत असतो, त्याच्या मागे कपाट असो वा पत्रा असो.

चित्र : दारिद्र्याची आरास

पहिला मुद्दा चित्राचा. गायकाला गाताना दाखवताना कॅमेरा सारखा कुठे जातो, ते मोजून बघा. फाटका पडदा. उघडी गटार. नागडं पोर. चुलीचा धूर. ढोलकीवर पडणारी बोटं, तीही संथ गतीने. गायकाच्या सुरकुत्या इतक्या जवळून की चेहरा म्हणजे नकाशा वाटावा. हे सगळं खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. गटार आहे, म्हणूनच तर मोर्चे निघतात. पण गाण्याच्या ओळीत जर राज्यघटना आहे आणि चित्रात गटार आहे, तर बघणाऱ्याच्या डोक्यात काय उरतं? गटार उरते. गाणं त्या गटारीचं पार्श्वसंगीत होतं.

चित्र गाण्याला उत्तर देऊ शकतं, त्याला पुरावा देऊ शकतं, त्याच्याशी भांडूही शकतं. गाण्यात विद्यापीठाचं नाव आलं तर नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय दाखवता येतं, १९५० पासून तिथे शिकून गेलेल्या पिढ्यांचे फोटो दाखवता येतात. गायकाची वही दाखवता येते. त्या वहीत कुठला शब्द खोडून कुठला घातलाय ते दाखवता येतं. आमच्या भागातल्या गायन पार्ट्यांच्या प्रत्येक जुन्या गायकाकडे अशी वही असते. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली, पहिल्या पानावर ‘नमो बुद्धाय’ लिहिलेली. पण वही दिसली की गायक लेखक ठरतो. म्हणून कॅमेरा वहीकडे जात नाही, सुरकुत्यांकडे जातो.

अक्षर : ‘लोकगायक’ म्हणजे कोण?

दुसरा मुद्दा पडद्यावरच्या अक्षरांचा. हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यांत घातक.

गायक दिसला की खाली पट्टी येते : अमुक अमुक, लोकगायक. अभ्यासक दिसला की पट्टी येते : डॉक्टर अमुक, प्राध्यापक, लेखक. ‘लोक’ हा शब्द ऐकायला गोड आहे. पण ‘लोकगीत’ म्हणजे ज्याचा कर्ता माहीत नाही असं गीत. वामनदादांची गाणी लोकगीतं कशी? १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, १५ मे २००४ ला गेलेला हा नाव-गाव असलेला कवी आहे. ते शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात. शाहिराची ही नाममुद्रा म्हणजे त्याची सही. सातबारा नसलेल्या समाजाने गाण्यात केलेली ही मालकीची नोंद आहे. आणि माहितीपटात काय होतं? वेळ कमी म्हणून ध्रुवपद आणि पहिलं कडवं ठेवतात, शेवटचं कडवं कापतात. सही कापली. मग खाली पट्टी लावतात ‘पारंपरिक’. आधी सही खोडायची आणि मग कर्ता अज्ञात म्हणायचं, याला काय म्हणावं?

भाषांतराचीही तीच गत. गाण्याखाली इंग्रजी ओळी येतात, मराठी ओळी येत नाहीत. म्हणजे गाणं ज्यांचं, त्यांनी ते वाचायचं नाही. परगावच्या माणसाने वाचायचं. शाहीर या शब्दाला इंग्रजीत सरळ ‘फोक सिंगर’ लिहिलं जातं, जलशाला ‘फोक कॉन्सर्ट’. पुन्हा तेच ‘लोक’. ‘जय भीम’चं भाषांतर तर असं करतात की वाचणाऱ्याला वाटावं एखाद्या देवाचा जयजयकार चालू आहे. दोन माणसं भेटताना एकमेकांना बरोबरीचं मानून जे म्हणतात, ते अभिवादन आहे हे चार शब्दांत सांगता येतं. पण सांगत नाहीत.

आमच्या भागात एकदा अशीच एक मंडळी चित्रीकरणाला आली होती. नाव घेण्याचं कारण नाही. एका आजींनी बाबासाहेबांच्या चार ओव्या म्हटल्या. त्यातली एक वापरली. आजींच्या नावाच्या जागी पट्टी होती ‘ग्रामीण दलित महिला’. त्या आजींनी बौद्ध पौर्णिमेचं गाणंही म्हटलं होतं, तरी धर्माच्या जागी काही नव्हतं. १९५६ नंतर जिने स्वतःची ओळख स्वतः निवडली, तिला पुन्हा तिने न निवडलेल्या ओळखीत बसवलं. तेही अक्षरांत, कायमचं.

आवाज : कोरस कुठे गेला?

तिसरा मुद्दा आवाजाचा. इथे तंत्र आणि राजकारण एकमेकांत किती मिसळलेलं असतं ते कळतं.

चित्रीकरणात मुख्य गायकाच्या कॉलरला माइक लावतात. त्याचा आवाज स्वच्छ येतो. पण भीमगीत एकट्याचं नसतं. झील धरणारे, कोरसवाले, ढोलकी, टाळ, समोर बसून टाळ्यांचा ठेका देणाऱ्या बाया, ही सगळी मिळून गाणं होतं. एकाच माइकवर ते रेकॉर्ड केलं की कोरस लांबून आल्यासारखा ऐकू येतो, आणि पुढे मिक्सिंगमध्ये तो ‘गोंगाट’ म्हणून आणखी खाली दाबला जातो. सामूहिक गाणं एकट्या कलाकाराचं होऊन बसतं. चळवळीचं गाणं ‘प्रतिभावंताचं’ होतं. चळवळ वजा झाली, प्रतिभा उरली.

मग येतो निवेदकाचा आवाज. गाणं सुरू होतं, दहा सेकंदांत त्याचा आवाज खाली जातो आणि वरून निवेदन सुरू होतं : ‘शतकानुशतकांच्या वेदनेतून उमटलेला हा सूर...’ अरे, तो काय गातोय ते तर ऐकू द्या! वेदना आहे की उपरोध आहे की सरळ पुढाऱ्याला शिवी आहे, ते आमचं आम्ही ठरवू. कित्येक भीमगीतं चक्क आनंदाची आहेत. जयंतीची आहेत, बारशाची आहेत, हळदीत नाचायची आहेत. पण निवेदकाला सगळीकडे वेदनाच ऐकू येते, कारण त्याने आमच्यासाठी तेवढीच एक जागा राखून ठेवलेली असते.

‘जय भीम कॉम्रेड’ची कसोटी

आता सगळ्यांत मोठ्या उदाहरणाकडे येऊ. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. डोक्याला निळं कापड बांधून. तिथून हा चित्रपट सुरू होतो आणि चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून तीन तासांहून मोठा होतो.

मी वर जी तीन मापं लावली ती इथे लावली तर बऱ्याच ठिकाणी हा चित्रपट उभा राहतो, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. गाणी लांब आहेत, कडवी ऐकू येतात. रस्त्यावरची, चाळीतली, सभेतली गाणी त्या त्या जागेच्या आवाजासकट येतात. संभाजी भगत गाता गाता विश्लेषण करतात आणि कॅमेरा ते विश्लेषण ऐकतो. पोलिसांनी टँकर जाळण्याची जी गोष्ट सांगितली, ती चित्रफितीसमोर ठेवून तपासली जाते. इथे चित्र पुराव्याचं काम करतं. चित्रपट पूर्ण झाल्यावर तो वस्त्यांमध्ये पडदे लावून दाखवला गेला. ज्यांचं गाणं त्यांच्यासमोर तो उभा राहिला. हे कमी नाही.

तरीही माझा एक आक्षेप आहे, आणि तो पटवर्धनांपुरता नाही. विलास घोगरेंचा आवाज त्यांच्याच १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये आला होता. पण घोगरेंचं आयुष्य एका चित्रपटाचा विषय झालं ते मरणानंतर. कबीर कला मंचाची नावं देशभर कळली ती पोलीस मागे लागल्यावर. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर हजर झाले तेव्हा कॅमेऱ्यांची गर्दी होती. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेले, तेव्हा वाहिन्यांनी त्यांना तासभर दिला. आमच्या शाहिराकडे कॅमेरा येतो तो गोळी, तुरुंग किंवा तिरडी यांच्यापैकी काहीतरी सोबत असेल तरच. जिवंत, म्हातारा, बिनवादाचा शाहीर हा विषय होत नाही. तो आपल्या वहीसकट मरून जातो.

प्रश्न फक्त कॅमेरा कोणाच्या हातात आहे एवढाच नाही

इथे आपल्यातले काही मित्र घाईने निष्कर्ष काढतात : आमच्यावर फिल्म फक्त आमच्याच माणसाने काढावी. मला हे अर्धंच पटतं.

पटतं ते असं. सोमनाथ वाघमारे यांचा ‘चैत्यभूमी’ बघा. पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सने तो पुढे आणला. सहा डिसेंबरला दादरला जमणारा समाज म्हणजे वर्षानुवर्षं वाहिन्यांच्या लेखी वाहतूक कोंडी आणि कचरा. वाघमारेंच्या कॅमेऱ्याला तिथे गाणी दिसतात, पुस्तकं दिसतात, विचार करणारी माणसं दिसतात. तीच जागा, तीच गर्दी. नजर बदलली की मजकूर बदलतो.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. १९६९ च्या उन्हाळ्यात वुडस्टॉकचा महोत्सव झाला, लगेच पुढच्या वर्षी त्याचा माहितीपट आला आणि तो जगाच्या स्मरणात बसला. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या संगीतकारांचा महोत्सव झाला. त्याचंही चित्रीकरण झालं होतं, पण ती रिळं जवळपास पन्नास वर्षं पडून राहिली. २०२१ मध्ये क्वेस्टलव या काळ्या संगीतकाराने त्यातून ‘समर ऑफ सोल’ केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्याने एक साधी गोष्ट केली. त्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसांना ती दृश्यं दाखवली आणि बघताना त्यांचे चेहरे टिपले. अर्थ सांगायला त्याने गर्दीतल्याच माणसाला बसवलं.

आता न पटणारा अर्धा भाग. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, तो हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. हे दोघे आपल्या समाजातले नव्हते. पॉइतव्हाँ तर जन्माने फ्रेंच. तरी तिथे काय दिसतं? ‘पारी’ने तो संग्रह लोकांसमोर ठेवला तेव्हा गाणारीचं नाव, गाव, तालुका, जात, वय, रेकॉर्डिंगची तारीख सगळं दिलं. ओवी मराठीत दिली, आवाज दिला, चित्रफीत दिली. म्हणजे पद्धत नीट असेल तर परका माणूसही गाण्याला न्याय देऊ शकतो, आणि पद्धत बिघडली असेल तर आपला माणूसही गाण्याचा गळा दाबू शकतो.

आपल्या माणसांचंच बघा ना. जयंतीचे व्हिडिओ यूट्यूबवर शेकड्याने आहेत. ड्रोन, एलईडी, डीजेच्या भिंती. पट्टीवर नावं कोणाची? सौजन्य म्हणून भावी नगरसेवकाचं, साउंडवाल्याचं, कॅमेऱ्यावाल्याचं. गीतकाराचं नाव नाही. कोरसमधल्या बायांची नावं नाहीत. वामनदादांची चाल उचलली, शब्द बदलले, नाममुद्रा काढून टाकली. प्रस्थापितांनी हे केलं तर आपण मोर्चा काढू. घरच्यांनी केलं तर ‘लाइक’ करतो. शर्मिला रेगे यांनी २००२ मध्येच लावणी आणि पोवाड्याविषयी लिहिताना दाखवलं होतं की लोकप्रिय संस्कृती ही जात आणि लिंगभावाच्या झगड्याची जागा असते. तो झगडा घराबाहेर आहे तसा घरातही आहे.

मग करायचं काय?

नुसती टीका करून थांबणं आंबेडकरी रीत नाही. म्हणून काही ठोस गोष्टी.

एक. आपल्या वस्तीत कोणी चित्रीकरणाला आलं तर गायन पार्टीने आधी अटी सांगाव्यात. किमान एक गाणं ध्रुवपदापासून नाममुद्रेपर्यंत अखंड राहील. गीतकार, गायक, झीलकरी, वादक, प्रत्येकाचं नाव पडद्यावर येईल. गाण्याच्या ओळी मराठीतही येतील. स्वतःची ओळख काय लिहायची ते गाणारा सांगेल.

दोन. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न पहिल्यांदा गाणाऱ्याला विचारला पाहिजे. त्याचं उत्तर ठेवून मग खुशाल दहा प्राध्यापक बसवा.

तीन. पूर्ण चित्रपट आधी वस्तीत दाखवा. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर लावली तरी चालेल.

चार. हे सगळं दुसरे करतील याची वाट बघू नका. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कन्नड, वैजापूर, गंगापूर, खुलताबाद, या चार तालुक्यांत सत्तरी ओलांडलेले जेवढे शाहीर, कव्वाल, ओव्या म्हणणाऱ्या आज्या असतील, त्यांची यादी गावागावातल्या तरुणांनी करावी. फोन आडवा धरा, मध्ये ठेवा, सगळ्यांचा आवाज येईल असा ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि सर्वांची नावं त्यांच्याच तोंडून घ्या. मध्ये बोलू नका. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. पार्श्वसंगीत लावू नका. एक प्रत घरात, एक विहारात, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे ठेवा.

हे आत्ताच का? कारण २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची जवळपास सोळा वर्षं मराठवाड्याच्या वस्त्यांनी गाण्यांत साठवून ठेवली आहेत. घरं जाळली गेली तेव्हा कागद जळाले, गाणी राहिली. ती गाणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. दर वर्षी पुण्यानुमोदनाच्या मांडवात आपण त्यांच्यातल्या एकेकाची गाणी शेवटची ऐकतो. त्या दिवशीही फोन सगळ्यांच्या हातात असतो, पण रेकॉर्ड होतो तो पुढाऱ्याच्या श्रद्धांजलीचा.

उद्या कोणीतरी शहरातून येईल, उरलीसुरली दोन कडवी घेईल, त्याखाली ‘पारंपरिक’ लिहील आणि खुर्चीत बसून जगाला अर्थ सांगेल. तेव्हा चिडण्यात काही राम नाही. आपली नोंद तयार असेल तर त्याला ती समोर ठेवून विचारता येईल : या गाण्याचं शेवटचं कडवं कुठे आहे?

जय भीम. नमो बुद्धाय.